दहावीला दुसऱ्या गावच्या केंद्रावर पर्यवेक्षक म्हणून जातेय. वर्गात कॉपी थांबवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

खडूपाटी | १९ जानेवारी २०२५

एरवी मी नुसती वाचत असते, आज लिहितेय.

उद्यापासून शाळेत कॉपीमुक्तीचा सप्ताह. परिपाठात शपथ, मग प्रभातफेरी, शेवटी पालकसभा. घोषणा मीच लिहून दिल्यात, यमक बरं जुळतं माझं. आणि आज दुपारी मुख्याध्यापकांचा फोन आला की यंदा आपल्या केंद्रावर तुमची ड्युटी नाही, २२ किलोमीटरवरच्या केंद्रावर जायचंय. आधीच्या परीक्षांत जिथे गैरप्रकार सापडले, तिथे यंदा केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक बाहेरच्या शाळांचे असणार आहेत. (आधी हे सगळ्याच केंद्रांना लावणार होते. शिक्षकांनी आरडाओरड केली, मग एवढंच राहिलं. ओरडणाऱ्यांत मीही होते.)

१४ वर्षं बीजगणित शिकवतेय. खरं सांगायचं तर पर्यवेक्षण म्हणजे तीन तास पाय दुखवून घेणं, इतकंच आजवर केलं. काही वर्षांपूर्वी एका केंद्रावर मी खिडकीशी जाऊन बाहेर बघायला लागले, तर संस्थेचे एक गृहस्थ आत आले आणि अगदी मायेने म्हणाले, "मॅडम, खिडकीत नका उभ्या राहू, ऊन लागेल." मी हसले. आणि जागेवर येऊन बसले. तो पेपर भूमितीचा होता, माझ्याच विषयाचा.

तर मला शपथ नको, कायद्याची कलमं नकोत. वर्गात २५ मुलं, मी एकटी, वेळ ११ ते २ वाजून १० मिनिटं. करता काय येतं ते अनुभवी लोकांनी सांगावं.

फुकटचा_सल्लागार

आधी खिडकी पूर्वेला आहे की दक्षिणेला ते बघा. फेब्रुवारीत खरंच ऊन लागतं.

सिंहगडरोड

एवढं अवघड काय आहे? प्रत्येक वर्गात कॅमेरा, केंद्रावर जॅमर, सापडला की आत. २०२४ चा केंद्र सरकारचा कायदा आलाय, दहा वर्षांपर्यंत कैद आणि कोटीत दंड. दोन-चार जणांना गजाआड घाला, पुढच्या वर्षी चिठ्ठी दिसणार नाही. आमच्या मुलाच्या सीबीएसई शाळेत असले प्रकार ऐकलेसुद्धा नाहीत.

चष्मेबहाद्दर

सिंहगडरोड, तो कायदा यूपीएससी, रेल्वे, बँक भरती, नीट-जेईई असल्या परीक्षांसाठी आहे. राज्य मंडळाची दहावी-बारावी त्यात येत नाही, आणि परीक्षार्थीला तर तो शिक्षाच सांगत नाही. तो पेपर फोडणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे आहे तो १९८२ चा महाराष्ट्राचा कायदा. म्हणजे कायदा नव्हता असं गेल्या चाळीस वर्षांत एकदाही झालेलं नाही.

मी पेपर तपासतो. बरीच वर्षं परीक्षक होतो, आता नियामक आहे, म्हणजे परीक्षकांनी तपासलेले पेपर पुन्हा बघतो. कॉपी वर्गात सापडते त्याहून जास्त आमच्या टेबलावर सापडते. बरोबर उत्तर २५ जणांचं सारखं असणारच, त्यातून काही कळत नाही. चूक सारखी असली की कळतं. एका गठ्ठ्यात ओळीने सगळ्यांनी वर्तुळाची त्रिज्या ७ ऐवजी १ घेतली होती. कुणीतरी फळ्यावर किंवा कागदावर इंग्रजी 7 लिहिताना वरची रेघ विसरला, आणि अख्ख्या वर्गाचं क्षेत्रफळ २२/७ आलं. मुलांनी सात दिसला म्हणून एक केला नाही, त्यांना एकच दिसला होता.

पुढे काय होतं? प्रकरण मंडळाकडे जातं. मुलांना विभागीय मंडळात सुनावणीला बोलावतात. मुलगा आणि त्याचा बाप, रोजगार बुडवून, एसटीने. समोर प्रश्नावली. "उत्तर कोणी सांगितलं?" मुलगा खाली बघतो. शिक्षासूचीप्रमाणे त्या परीक्षेची संपादणूक, म्हणजे मिळालेले गुण, रद्द, जास्त गंभीर असेल तर पुढच्या परीक्षेलाही बंदी. ज्याने फळ्यावर एक लिहिला तो त्या खोलीत नसतो.

अप्पा_गुरुजी

खडूपाटी बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. मी मुख्याध्यापक होतो, दोन वर्षं भरारी पथकातही हिंडलो. आधी पथकाची कथा. पथक पांढऱ्या चारचाकीतून येतं, आणि गावाच्या वेशीवर टपरीवाल्याला कळल्यावर तीन मिनिटांत केंद्र सोवळं होतं. आम्ही एकदा गाडी अलीकडच्या गावात ठेवून दुधाच्या टेम्पोतून गेलो, त्या दिवशी पोतंभर कागद निघाले. दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याने नाही म्हटलं, त्यालाही त्याच गावात दूध घालायचं होतं. पथकाचं काम एवढंच. बैठं पथक, म्हणजे पेपर संपेपर्यंत तिथेच बसून राहणारं, ते बरं.

आता तुमच्या खोलीचं.

पाकीट २५ प्रश्नपत्रिकांचं येतं आणि ते वर्गातच फोडायचं, दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन. ही सुधारणा चांगली आहे, पण सह्या मुलांना पाकीट नीट दाखवून घ्या. बहुतेक ठिकाणी फोडलेल्या पाकिटावर सही होते. पूर्वी वाचायला म्हणून दहा मिनिटं आधी पेपर मिळायचा आणि त्याच दहा मिनिटांत फोटो बाहेर जायचा. २०२३ पासून ती दहा मिनिटं शेवटाला गेली.

पेपर बाहेर गेला तरी उत्तरं तयार होऊन परत यायला वेळ लागतो. कुणी तरी सोडवतो, कुणी बारीक झेरॉक्स काढतो. शंभर मीटरची जमावबंदी असते, जवळची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवतात, म्हणून हल्ली यंत्र घरातच असतं. त्यामुळे पहिला अर्धा-पाऊण तास शांत जातो आणि पर्यवेक्षक निर्धास्त होतो. तुम्ही पावणेबारानंतर जाग्या राहा.

पाणीवाला. ही गोष्ट कुठल्या परिपत्रकात नाही. पाण्याचा जग घेऊन जो पोरगा वर्गावर्गात फिरतो, त्याच्या तबकाखाली बघा. मी माझ्या केंद्रावर माठ वर्गाच्या कोपऱ्यात ठेवायचो आणि पाणीवाला बंद.

आदल्या दिवशी बाक पुसून घ्या, पेन्सिलीने अख्खं इतिहासाचं पुस्तक उतरवलेलं असतं.

आणि शेवटचं, हे माझं स्वतःचं. पेपर वाटायच्या आधी मुलांना सांगायचं, "दाराबाहेर टोपली ठेवलीय. मी फळ्याकडे तोंड करून दोन मिनिटं उभी राहते. जे असेल ते टाकून या. नंतर सापडलं तर मला लिहावंच लागेल." पहिल्या वर्षी टोपली भरली होती. पोरांनाही घरून कुणीतरी खिशात कोंबलेलं असतं, ते टाकायला निमित्त हवं असतं.

गावकूस

मी कॉपी करून पास झालेला आहे. २००७ ची दहावी. खरं नाव नाही म्हणून लिहितोय.

सिंहगडरोड, तुम्ही म्हणता दोन-चार जणांना आत घाला. कुणाला? आमच्या केंद्रावर भिंतीवर चढलेले लोक गुंड नव्हते. माझा चुलत भाऊ होता, मावशीचे यजमान होते, आमच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर होता. आई सकाळी देवाला नारळ ठेवून म्हणाली, "दादा बाहेर आहे, घाबरू नको." त्या घरात मला गैरप्रकार असा शब्द ऐकूच आला नव्हता. जत्रेला जातात तशी माणसं आली होती, डबे घेऊन.

आणि गंमत सांगू? मला गणित थोडं येत होतं. नववीपर्यंत स्वतः सोडवायचो. दहावीत सरांनी वर्षभर सांगितलं, टेन्शन घेऊ नका, बघून घेऊ. मग मीही सोडून दिलं. ७१ टक्के पडले. त्या टक्क्यांवर डिप्लोमाला लागलो आणि पहिल्याच सेमिस्टरला एम-वनमध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात, आडवा. वर्गात सगळे समीकरण मांडतात आणि मला बाजू बदलली की चिन्ह बदलतं एवढंही आठवेना. तीन वेळा एटीकेटी, शेवटी सोडलं. आता चाकणला एका कंपनीत लाईनवर आहे, बरं चाललंय, तक्रार नाही. पण त्या पेपरला मला एकट्याला बसू दिलं असतं तर ४५ पडले असते आणि ते माझे असते.

सिंहगडरोड

तुमच्याबद्दल वाईट वाटलं. पण म्हणून भावाला शिक्षा नको, असं होत नाही ना? त्याच वर्षी प्रामाणिकपणे ६८ मिळवलेल्या कुणाची तरी ती सीट होती.

गावकूस

होय. ते मी नाकारत नाही.

तर्कट

सगळे पहारेकऱ्यांबद्दल बोलताय, तिजोरीत काय आहे ते बघा. गणित दोन भागांचं, ४०-४० चे दोन पेपर, अंतर्गतचे २०. शंभरात ३५ हवेत. अंतर्गतला शाळा १८ देते, कारण न देणारी शाळा मी पाहिलेली नाही. म्हणजे ८० पैकी १७. त्यात दोन्ही पेपर मिळून ८ गुणांचे बहुपर्यायी प्रश्न. एक बोट ए, दोन बोटं बी. राहिले नऊ.

आता आकडे बघा. २०१८ चा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्राचे अंतर्गत गुण काढले, निकाल ७७.१०. ओरड झाली, २०२० ला गुण परत आले, निकाल ९५.३०. आणि २०२१ ला करोनामुळे परीक्षाच झाली नाही, सगळंच शाळांच्या हातात, निकाल ९९.९५! एका वर्षात पोरं एवढी मठ्ठ आणि पुढच्या वर्षी एवढी हुशार झाली असं मला तरी वाटत नाही. भिंतीवर चढणाऱ्याचा फोटो पेपरात येतो. स्टाफरूममध्ये बसून तोंडीचे १९ लिहिणाऱ्याचा येत नाही. धागाकर्तीने रागावू नये, पण बाई, तुम्ही अंतर्गतला किती देता?

खडूपाटी

१८. कधी १९.

रानजाई

मी आश्रमशाळेत आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी. वरची चर्चा वाचून जरा हसू आलं. माझ्या दहावीच्या वर्गात ३८ मुलं आहेत, त्यांतली ११ प्रश्नपत्रिका वाचू शकत नाहीत. अवघड असते म्हणून नाही, अक्षर लावून वाक्य वाचता येत नाही म्हणून. घरी पावरी किंवा भिलोरी बोलतात, पहिलीला मराठी पुस्तक हातात आलं, आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नव्हतं, नववीत आम्ही ढकललं. (आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आलीय, तिचं काय होतंय बघायचं.)

या मुलाला चिठ्ठी दिली तरी तो ती चित्रासारखी उतरवतो. मागच्या वर्षी एकाने चिठ्ठीवरचा "पान उलटा" हा शब्दसुद्धा उत्तरात लिहिला. त्याला कॉपीमुक्तीची शपथ मीच दिली होती. हात पुढे करून, मोठ्याने, पाठ म्हटली त्याने.

सिंहगडरोड

मग काय, कॉपी करू द्यायची?

रानजाई

असं कुठे म्हटलं? मी कडकच असते पर्यवेक्षणाला. फक्त त्या तीन तासांत तो माझ्याकडे बघत बसतो आणि मी त्याच्याकडे. हे एकदा करून बघा.

अप्पा_गुरुजी

रानजाईताईंच्या वर काही लिहिणं कठीण, तरी नांदेडची आठवण काढतो, कारण ती अर्धीच सांगतात. २०१० च्या सुमारास डॉ. श्रीकर परदेशी तिथे जिल्हाधिकारी होते. महसूल, पोलीस, शिक्षण सगळ्यांना एकत्र उतरवून त्यांनी कॉपी बंद केली. निकाल धाडकन खाली आला. पुढे राज्यभर कॉपीमुक्ती गेली ती या नांदेड पॅटर्नवरून. भाषणांत एवढंच येतं.

पण निकाल कोसळल्यावर पालक आमच्या शाळांमध्ये यायला लागले, ते विचारायला की वर्षभर शिकवलं काय. तोवर मला कोणी हा प्रश्न विचारला नव्हता, टक्का विचारायचे. मी शेजारच्या जिल्ह्यात होतो. त्या वर्षी पहिल्यांदा माझ्या शाळेत नोव्हेंबरात जादा तास पूर्ण भरले. एक अधिकारी बदलून गेला की असली गोष्ट किती टिकते हे वेगळं, ते तुम्ही सगळे जाणता.

फुकटचा_सल्लागार

टोपलीची आयडिया भारी आहे गुरुजी. आमच्या ऑफिसात पण ठेवायला हवी, हजेरी मशीनजवळ.

खडूपाटी | १९ मार्च २०२५

परीक्षा संपली. कुणीकुणी निरोपातून विचारलं, म्हणून लिहितेय.

पहिला पेपर मराठीचा, २१ फेब्रुवारी. खोली क्रमांक ४, खिडक्या मागच्या बाजूला, त्यांना गज आहेत, काचा नाहीत. बाहेर रिकामं शेत. टोपली ठेवली, फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. मागे कागदांचा आवाज आला तेव्हा, खरं सांगते, पोटात कालवलं. टोपलीत साताठ चिठ्ठ्या आणि गाइडची फाडलेली पानं पडली. एकाने पाकीटच टाकलं होतं, त्यात पन्नासची नोट होती. ती परत दिली.

पावणेबारा म्हणजे पावणेबाराच, गुरुजी! शेतात चार-पाच जण आले. पोलीस पुढच्या फाटकाला होते. मी खिडक्यांची दारं ओढून घेतली, पंखा बंद, दहा मिनिटांत मुलं घामाघूम. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, उघडा ना, कसंतरी होतंय." उघडल्या. मग दुसरं काही सुचेना म्हणून मधल्या खिडकीत पाठ टेकवून उभी राहिले. दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत. मागून आधी विनंत्या आल्या, मग माझ्या गावाचं नाव घेऊन झालं, मग कुणीतरी पाठीला कागदाचा बोळा मारला. ऊन लागलं. खरंच लागतं.

दुसऱ्या पेपरपासून केंद्रसंचालकांनी (तेही बाहेरचे, शांत माणूस) मागच्या शेताकडे होमगार्ड उभा केला. ते एवढं सोपं होतं तर आधीच्या वर्षांत का झालं नाही, याचं उत्तर मला माहीत आहे, तुम्हालाही आहे.

काय जमलं नाही तेही लिहिते. बोटं. बीजगणिताला मी पहिल्या रांगेशी असताना शेवटच्या रांगेत कान खाजवणं सुरू व्हायचं. एक बोट, तीन बोटं. २५ मुलांचे ५० हात. ते मला थांबवता आलं नाही, आणि निम्म्या वेळी उत्तर चुकीचं फिरत होतं. एका मुलाकडे प्रत्यक्ष कागद सापडला, भूमितीला. टोपली असूनही. लिहून दिलं, केंद्रसंचालकांकडे नेलं. त्याचा बैठक क्रमांक मला पाठ झालाय, तो इथे लिहीत नाही. सुनावणीला त्याचे वडील येतील, चष्मेबहाद्दर, तुम्ही लिहिलेलं डोळ्यांसमोर येतं.

आणि एक जण होता खिडकीजवळच्या बाकावर. बीजगणिताच्या पेपरला प्रश्नपत्रिका सुंदर अक्षरात उतरवून काढली. सगळी. मग पेन बंद करून ठेवलं. मी जवळ गेले तर म्हणाला, "मॅडम, उतारा करायला सांगा ना, करतो." पर्यवेक्षकाने काही सांगायचं नसतं. मी त्याला पाणी दिलं.

रानजाई

हं.

गावकूस

पाठीवर बोळा मारणारा माझा भाऊ असता. मॅडम, थँक्यू.

तर्कट

निकाल लागू द्या, मग बोलू.

तर्कट | १३ मे २०२५

लागला. राज्याचा ९४.१०, गेल्या वर्षी ९५.८१ होता. कोकण नेहमीप्रमाणे वर. एवढी शपथ, ड्रोन, अदलाबदल करून पावणेदोन टक्के. माझं गणित चुकलं नाही.

चष्मेबहाद्दर

पावणेदोन टक्के म्हणजे राज्याच्या पातळीवर पंचवीस हजारांहून जास्त मुलं होतात, हे लिहिताना ध्यानात ठेवावं. आणि कॉपीमुळेच कमी झाला की आणखी कशाने, हे या आकड्यावरून सांगता येत नाही. यंदा माझ्या टेबलावर सारख्या चुकांचे गठ्ठे कमी आले, एवढं मी सांगू शकतो.

खडूपाटी | २४ ऑगस्ट २०२५

धागा वर काढतेय, कारण आता प्रश्न वेगळा आहे.

फेब्रुवारीतून परत आल्यावर ठरवलं होतं की आपल्या नववीपासून सुरू करायचं. पहिली घटक चाचणी, २० गुण. शेजारी बसणाऱ्यांना एकच गणित वेगवेगळ्या आकड्यांचं दिलं, प्रश्नपत्रिका हाताने लिहून दोन प्रती काढल्या. सूत्रं फळ्यावर मीच लिहून ठेवली, म्हणजे सूत्राची चिठ्ठी आणायचं कारणच नाही. आणि आधी सांगितलं की यात नापास झालात तर घरी चिठ्ठी जाणार नाही, तो भाग मी परत शिकवणार. कॉपी जवळजवळ झाली नाही. एका दोघांनी शेजाऱ्याचं उत्तर उतरवलं, ते आकड्यांवरून लगेच कळलं, मुलंच हसली.

४१ पैकी १९ नापास.

परवा मुख्याध्यापकांनी बोलावलं. चांगला माणूस आहे, चहा मागवला. म्हणाले, मॅडम, हे रजिस्टर वर जातं, संस्थेच्या बैठकीत टक्का विचारतात, जरा सांभाळून घ्या.

अप्पा_गुरुजी

किती गुण म्हणाले?

खडूपाटी

चार-चार. सगळ्यांना सरसकट, म्हणजे अन्याय नको.

अप्पा_गुरुजी

मग?

खडूपाटी

सही केलेली नाही अजून. रजिस्टर तपासायचंय सांगून घरी आणलंय. उद्या सोमवार आहे.